आधी मरणारे ठरवा

संगणकावरच्या डावपेचांच्या खेळात दैत्यांची फौज उभारायला घेतली की नवख्या खेळाडूची नजर थेट आर्चडेव्हिलवर जाते. सगळे सोने तिकडे ओतायचे आणि उरलेल्या चिल्लरीत इम्प, गॉग भरायचे. अशी फौज दिसायला दणकट, पण दुसऱ्या-तिसऱ्या लढाईतच तिचा दम निघतो. कारण दैत्यांचे बळ वरच्या फळीत कमी आणि मेलेल्यांत जास्त असते.

१९९९ च्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’मधले इन्फर्नो, म्हणजे दैत्यांची गढी, घ्या. तिथला पिट लॉर्ड आपल्याच पडलेल्या तुकडीतून डीमन उठवतो. एका पिट लॉर्डची उठवण्याची ताकद ५० प्राणांकांची (हिट पॉइंट), डीमनला लागतात ३५, आणि एका गॉगचे भरतात १३. म्हणजे १० पिट लॉर्ड १४ डीमन उठवू शकतात आणि त्यासाठी ३८ गॉग पुरतात. गॉग ५० सोन्याला, डीमन २५० ला. १९०० च्या खर्चात ३५०० चा माल हाती येतो आणि लढाईनंतरही तो आपलाच राहतो. गढीत मात्र सिटाडेल किंवा कॅसल बांधलेला नसेल, तर आठवड्याला ४ च डीमन मिळतात.

यात दोन अटी आहेत. तुकडी पुरती गारद झाली पाहिजे, आणि शत्रू संपण्याआधी पिट लॉर्डची पाळी आली पाहिजे. म्हणून शेवटचा पहारेकरी घाईने मारू नका. याच मालिकेच्या पाचव्या भागात, २००६ मध्ये, हिशेब बदलला. तिथे दैत्य कुमक बोलावतात, पण त्यात तुकडीची पाळी खर्च होते, कुमक उशिरा येते आणि लढाई संपली की नाहीशी होते. तिसऱ्या भागात किंमत जिवांची, पाचव्यात वेळेची. फौज निवडण्याआधी आपण कोणत्या चलनात खेळतो आहोत, ते ओळखा.

हा बळी द्यायचा कशासाठी, हे पांढुर्णा-सौंसरकडच्या खेळाडूंना वेगळे सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार होते: जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव समोरासमोर येतात. गोटे दोन्ही काठांवर सारखेच. डाव ठरतो तो कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत पोचणाऱ्यावर. बाकीच्यांची फेक समोरच्यांना मागे रेटण्यापुरती. किती जण पाडले यावर तिथे निकाल लागत नाही, झेंडा कोणी नेला यावर लागतो. पटावरही तेच खरे: ३८ गॉग ज्या खाणीसाठी किंवा गढीसाठी गेले ती हाती आली नाही, तर उठवलेले डीमन नुसती गर्दी.

साम्य इथेच संपते. गोटमारीत दरवर्षी माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते रुजले नाहीत. तिथे पडलेल्याला उठवणारा पिट लॉर्ड नाही. आपल्यापैकी जे स्वतः पट आखतात त्यांनी गोटमारीची रचना जरूर घ्यावी: मध्ये नदी, एक झेंडा, एक कुऱ्हाडवाला. जखमेचे कौतुक मात्र घेऊ नये.

तेव्हा पुढच्या डावाआधी कागदावर तीन नावे लिहा: झेंडा आणणारी तुकडी, पडणारी तुकडी आणि तिला उठवणारी. दुसरे नाव सुचत नसेल तर दैत्य घेऊ नका. तुमचा पिंड दुसऱ्या फौजेचा आहे.