हंपीत गाइड हवा की नको?

हंपीला पोचल्यावर प्रत्येकाला एक निवड करावी लागते: गाइड घ्यायचा, की नकाशा हाती धरून आपले आपण फिरायचे? प्रश्न वरवर खर्चाचा वाटतो. खरे तर तो इतिहास कसा समजून घ्यावा, याचा आहे. 1336 मध्ये वसलेली आणि 1565 च्या पराभवानंतर लुटली गेलेली ही विजयनगरची राजधानी 41 चौरस किलोमीटरहून मोठ्या परिसरात विखुरली आहे.

गाइडच्या बाजूचे म्हणणे भक्कम आहे. हजारराम मंदिराच्या भिंतींवर रामायण क्रमवार कोरलेले आहे. सुरुवात कुठे हे ठाऊक नसेल, तर नुसत्या आकृत्या पाहून माणूस पुढे जातो. राजवाड्याच्या आवारातील पायऱ्यांच्या पुष्करणीत कोणता दगड कुठे बसवायचा, याच्या खुणा दगडांवरच आहेत; कुणी दाखवल्याशिवाय त्या सहसा नजरेत भरत नाहीत. शिवाय 2011 मध्ये विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारातील वस्ती हटवण्यात आली. वारसा जपण्याची किंमत स्थानिकांनी मोजली असेल, तर त्या वारशावरचा रोजगारही त्यांना मिळावा, ही अपेक्षा न्याय्य आहे.

दुसरीकडे, राजधानी म्हणजे केवळ इमारतींची यादी नव्हे. विरूपाक्षाच्या बाजारातून तुंगभद्रेच्या काठाने जाणारी पायवाट सुमारे दोन किलोमीटरवर विठ्ठलमंदिराशी पोचते. गाडीरस्ता मात्र कमलापूरकडून वळसा घेतो. नदी आणि धोंड्यांच्या टेकड्या शहराचे रक्षण कसे करत होत्या, नदीकाठची मंदिरे आणि दक्षिणेकडचा राजवाडा यांच्यामधली शेती विजयनगरकालीन कालव्यांवर कशी पिकते, हे चालणाऱ्याच्या ध्यानात येते. ठरावीक वेळेत ठरावीक ठिकाणे दाखवणाऱ्या फेरीत ते निसटते.

तथापि, एकट्या पाहुण्याला चुकीपासून वाचवणारे कुणी नसते. ‘कमलमहाल’, ‘राणीचे स्नानगृह’ ही नावे नंतरची, बरीचशी अंदाजाची. फलकावर वाचली की ती सिद्ध वाटू लागतात. संत भानुदासांनी विठ्ठलमूर्ती येथून पंढरपुरास परत नेली, ही वारकरी परंपरा मराठी मनाला जवळची आहे. पण श्रद्धा आणि पुरावा वेगळे ठेवायला पूर्वतयारी लागते. चांगला गाइड ते भान देतो, सामान्य गाइड ऐकणाऱ्याला आवडेल तेच सांगतो.

सुरक्षेचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. 2019 मध्ये काही तरुणांनी येथील खांब ढकलून पाडल्याचे उघड झाले, तेव्हा मोकळ्या फिरण्यावर बोट ठेवले गेले. मात्र वास्तूंची राखण हे पहारेकऱ्यांचे काम आहे. ते गाइडवर सोपवणे कुणाच्याच हिताचे नाही.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कल पायी, स्वतःच्या गतीने फिरण्याकडे आहे, पण तयारीच्या अटीवर. आधी वाचावे, कमलापूरच्या संग्रहालयातील परिसराची प्रतिकृती पाहावी, मग चालावे. आणि हजारराम मंदिर किंवा महानवमी दिब्बा यांसारख्या कोरीवकामाने भरलेल्या ठिकाणी जाणकार गाइड जरूर घ्यावा. ज्यांना चालणे झेपत नाही वा वेळ कमी आहे, त्यांनी पूर्ण फेरी गाइडसोबत करणे तितकेच योग्य. बाकीच्यांनी मात्र आधी शहराची रचना पायांनी समजून घ्यावी. त्यातून पडलेले प्रश्न घेऊन गाइडपुढे उभे राहिले, तर त्याच्या ज्ञानाचाही खरा उपयोग होतो.