अंगणाखालचे कर्तव्य

नवे घर बांधून पूर्ण झाले की मुहूर्त पाहून वास्तुशांत होते. उंबरठ्यावर तोरण लागते, देवघराची दिशा जाणत्यांना विचारून ठरते, येणाऱ्या पाहुण्याला घराचा प्रत्येक कोपरा कौतुकाने दाखविला जातो. त्याच घराच्या अंगणाखाली किंवा जिन्याखाली एक टाकी असते. तिचे झाकण फरशीखाली बुजलेले असते किंवा त्यावर कुंड्या मांडलेल्या असतात. टाकी किती कप्प्यांची आहे, ती शेवटची कधी उपसली, तिचे पाणी कोठे जाते, हे घरातील कर्त्या माणसासही सहसा ठाऊक नसते. टाकी तुंबून न्हाणीघरात दुर्गंधी पसरली की मगच तिचे स्मरण होते. मग धावपळ करून कोणाला तरी बोलावले जाते. तो ‘कोणीतरी’ कोण आणि टाकीत उतरला तर जिवंत वर येईल काय, हे विचारण्यास त्या घाईत कोणास सवड नसते.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील नागरी कुटुंबांपैकी ३२.७ टक्के कुटुंबांची शौचालये भूमिगत मलनिस्सारण वाहिनीला जोडलेली होती; सेप्टिक टँकवर अवलंबून असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ३८.२ टक्के होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने घरोघरी शौचालय पोहोचविले, ही स्वतंत्र भारतातील एक मोठी सामाजिक घटना आहे. परंतु शौचालय बांधून होते तेथे अर्धेच काम संपते. उरलेले अर्धे काम जमिनीखालचे, डोळ्यांआडचे आणि म्हणूनच उपेक्षित आहे.

सेप्टिक टँकचे कार्य समजण्यास अवघड नाही. मैला टाकीत आला की जड भाग तळाशी बसतो, हलका भाग साय धरल्यासारखा वर तरंगतो आणि मधले पाणी पुढच्या कप्प्यातून शोषखड्ड्याकडे जाते. तळाचा गाळ जिवाणू हळूहळू कुजवितात, पण तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. गाळ वाढला की पाण्याला टाकीत थांबण्यास अवधी मिळत नाही आणि मैला तसाच बाहेर पडू लागतो. म्हणूनच दर दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसावी, असे केंद्र शासनाच्या तांत्रिक मार्गदर्शिकेत सांगितले आहे. प्रत्यक्षात दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे झाकण उघडले जात नाही. अनेक ठिकाणी शोषखड्डा खोदलेलाच नसतो. टाकीचे पाणी सरळ उघड्या गटारात, तेथून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. ज्या नदीची आरती केली जाते, तिच्यात आपल्याच घराचे सांडपाणी मिसळत आहे, हे आरती करणाऱ्याच्या गावीही नसते.

याहून गंभीर गोष्ट मनुष्यहानीची आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना देशभरात ३७७ जण मृत्युमुखी पडले. बंद टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. धोका कळण्यापूर्वीच माणूस कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही तेथेच राहतो. अशा दुर्घटनेत एकाच टाकीने एकाच कुटुंबातील दोघांचा, तिघांचा बळी घेतल्याच्या वार्ता वारंवार येतात.

कायदा याबाबत मुका नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी आणणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने संरक्षक साधनांवाचून कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा निर्बंध ठेकेदारावर जसा आहे, तसाच घरमालकावर आणि गृहनिर्माण संस्थेवरही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. पण भरपाई ही मृत्यूनंतरची गोष्ट झाली. मृत्यू टाळायचा असेल, तर माणूस टाकीत का उतरतो, हे पाहिले पाहिजे.

याचे उत्तर टाकीच्या हेळसांडीत आहे. वेळच्या वेळी उपसलेल्या टाकीतील गाळ पातळ असतो. नळी सोडून यंत्र तो अल्पावधीत ओढून घेते. वर्षानुवर्षे न उघडलेल्या टाकीच्या तळाशी मात्र गाळ घट्ट होऊन बसतो. यंत्राला तो ओढवत नाही आणि मग फावडे-बादली घेऊन माणूस उतरविला जातो. त्यात ‘टाकी धुऊन लख्ख करून द्या’ असा आग्रह घरमालक धरतात. वस्तुतः कुजविण्याची क्रिया पुन्हा सुरू व्हावी म्हणून थोडा गाळ तळाशी राहू देणेच हिताचे असते. टाकी घासण्याचे काहीच कारण नाही. याचा अर्थ इतकाच, की या मृत्यूंचे मूळ घरमालकाच्या वर्षानुवर्षांच्या विस्मरणात आहे.

म्हणूनच घरगुती सेप्टिक टँकची नियमित तपासणी आणि उपसा यासंबंधी प्रत्येक नगरपालिकेने आणि मोठ्या ग्रामपंचायतीने स्पष्ट नियम करणे आवश्यक आहे. हे अशक्य नाही, असे महाराष्ट्रातील दोन गावांनी दाखविले आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी तक्रार येईल तेव्हा गाडी पाठविण्याची जुनी रीत सोडली आणि गावातील प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा ठरल्या क्रमाने उपसण्याची पद्धत स्वीकारली. त्यासाठी स्वच्छता कराचा आधार घेतला आणि उपसलेला मैला ओढ्याकाठी न ओतता प्रक्रिया केंद्रात नेण्याची व्यवस्था केली. कृष्णेच्या घाटांसाठी आणि ढोल्या गणपतीसाठी प्रसिद्ध असलेल्या वाईने नदीची सेवा अशीही करता येते, हे सिद्ध केले.

असे नियम करताना काही गोष्टी निःसंदिग्ध असाव्यात. प्रत्येक टाकीची नोंद घरपट्टीच्या नोंदीबरोबर असावी. झाकण उघडता येईल असे ठेवणे बंधनकारक असावे. तळचा गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापला, की उपसा अनिवार्य व्हावा. शोषखड्डा विहिरीपासून किमान अठरा मीटर दूर आहे काय, हे पाहिले जावे. उपसणारी गाडी नोंदणीकृत असावी आणि तिने मैला कोठे रिता केला, याची पावती घरमालकाला मिळावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणूस टाकीत उतरणार नाही, याचे उत्तरदायित्व घरमालक आणि ठेकेदार या दोघांवरही असावे.

यावर आक्षेप येतील. आधीच करांचे ओझे असताना आणखी एक कर कशासाठी, आणि तपासणीच्या नावाखाली चिरीमिरीचे नवे कुरण तयार होणार नाही काय, असे विचारले जाईल. ही शंका अनाठायी नाही. आयर्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याने घरगुती टाक्यांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची झाली, तेव्हा ग्रामीण भागात असंतोष उसळला आणि सरकारला पन्नास युरोचे नोंदणीशुल्क प्रारंभीच्या काळापुरते पाच युरोवर आणावे लागले. पण नोंदणी आणि तपासणी मात्र टिकली. जपानने १९८३ मध्येच कायदा करून घरगुती शुद्धीकरण टाक्यांची वार्षिक तपासणी आवश्यक केली. शुल्क माफक असेल, वेळापत्रक आधी जाहीर होत असेल आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या असतील, तर चिरीमिरीला वाव उरत नाही. तक्रारीवर चालणाऱ्या कारभारात भ्रष्टाचार फोफावतो. ठरल्या क्रमाने सर्वांकडे जाणाऱ्या गाडीला कोणाची मर्जी राखावी लागत नाही.

तरीही केवळ नियमांनी हा प्रश्न सुटणार नाही. टाकीत उतरणारा माणूस बहुधा कोणत्या समाजघटकातून येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेचा निःशेष त्याग करण्याचे आवाहन केले, त्याला अर्धशतक उलटून गेले. पाणवठे खुले झाले, मंदिरे खुली झाली. परंतु घराच्या पोटातील घाण काढण्यासाठी आजही विशिष्ट वस्तीतीलच माणसाला हाक मारली जात असेल, तर समरसतेचे काम अपुरे आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. समतेच्या घोषणा देणे सोपे असते. आपल्या टाकीचे झाकण उघडून पाहणे कठीण असते. गाडगेबाबा सायंकाळी कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी दिवसभर हाती खराटा घेऊन गाव झाडत. सांगण्याआधी करून दाखविणे, हीच त्यांची रीत होती.

पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत ‘शौच’ प्रथम येते. ते केवळ सचैल स्नानाने साधत नाही. आपल्या घरातून बाहेर जाणारे पाणी शेजाऱ्याची विहीर नासवीत नाही आणि आपली घाण कोणाच्या प्राणावर बेतत नाही, तेव्हाच ते पूर्ण होते. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडल्या गेलेल्या पंचपरिवर्तनातील समरसता, पर्यावरण आणि नागरिक कर्तव्य ही तीन सूत्रे या एका टाकीपाशी एकत्र येतात.

यासाठी शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक स्वयंसेवकाने या महिन्यात आपल्या घरची टाकी शेवटची कधी उपसली, हे शोधून काढावे. झाकण बुजले असेल तर मोकळे करावे आणि उपशाची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा, ठेकेदाराशी करार करताना यंत्राचीच अट घालावी आणि नगरसेवकाकडे वाई-सिन्नरसारख्या नियमांचा आग्रह धरावा. वास्तुपुरुषाची शांत एकदाच होते. वास्तूच्या पोटातील या टाकीची काळजी मात्र दर तीन वर्षांनी घ्यावी लागते. ती घेतली गेली, तर कोणत्या तरी वस्तीतील एक कर्ता माणूस संध्याकाळी सुखरूप आपल्या घरी परतेल.