वेठ गेली, हिशेब राहिला



आमचे वाटूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यातली साधारण ६० टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी. १० टक्के निजामाची स्वतःची, सर्फ-ए-खास. उरलेली बहुतेक जहागीरदारांची. जहागिरीत सारा जहागीरदाराचीच माणसे वसूल करीत. त्यावर वेठ वेगळी. गाडीबैल द्या, सरपण आणा, ओझी वाहा. मजुरी नाही आणि नाही म्हणायची सोय नाही.

मध्ययुगात युरोपातली कुळेही धन्याच्या शेतात फुकट राबत. पण तिथे बऱ्याच ठिकाणी आठवड्याचे दिवस तरी ठरलेले असत. इथे बोलावणे आले की निघायचे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. चांगलेच झाले. पण जहागीरदारांना सरकारने भरपाई दिली. पिढ्यान्‌पिढ्या वेठ केलेल्यांना काय मिळाले? छदामही नाही. त्यांचे राबणे कुठल्याच वहीत नव्हते. जे लिहिलेच नाही, त्याचे मोल कोण देणार?

आज वेठीला बोलावणारा कोणी नाही. पण घरच्या बायकांची खुरपणी, पोरांनी रात्री दिलेले पाणी, आपली स्वतःची मजुरी आपण तरी उत्पादनखर्चात धरतो का? बी, खत, औषध लिहितो आणि घाम सोडून देतो.

आमचे सांगणे एवढेच : या हंगामापासून घरोघरी वही घाला. घरच्या माणसांचे दिवस मोजून लिहा. तो हिशेब हातात घेऊनच भाव मागू.