मैत्रीला भाषेची अट

जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले. पुढच्याच वर्षी ही संख्या ४९ हजारांवर गेली. या आकड्यांचे येथे कौतुक होते. परंतु त्या मुलांना तेथे स्नेही कोण लाभतात, हे सहसा कोणी विचारीत नाही. पुष्कळसे पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत असल्याने प्रवेशासाठी जर्मन लागत नाही. ग्यानबाची मेख आहे ती इथेच! वर्ग इंग्रजीत चालला, तरी वसतिगृहाचे सामाईक स्वयंपाकघर, गावचा क्रीडासंघ, पावाचे दुकान येथे व्यवहार जर्मनचाच. मग आपली मुले आपल्याच घोळक्यात राहतात आणि यजमान तुसडे असल्याचा निर्वाळा देऊन मोकळी होतात. तक्रार सर्वस्वी खोटी नव्हे. म्युनिकमध्ये भाड्याची खोली शोधणाऱ्यास तिचा अर्थ कळतो. तथापि व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवणाऱ्या पालकांना निघण्यापूर्वीचे सहा महिने भाषेच्या वर्गासाठी देणे तेवढे जड वाटते, हे नवलच. क्रीडासंघांची वर्गणी बहुधा माफक असते. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये का होईना, बॅडमिंटन खेळावयास येणाऱ्याला तेथे सहसा कोणी परतवून लावीत नाही.