भातानं काय घोडं मारलंय?

गेल्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट. पौडला आमच्या आळीत हळदीकुंकू होतं. तिळगूळ झाला, उखाणे झाले आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात पडला नाचणीच्या बिस्किटांचा पुडा! दरवर्षी चाळणी, नाहीतर प्लॅस्टिकचा डबा मिळायचा. त्या वर्षी एकदम 'हेल्दी' वाण. मग काय, विषय निघाला तो निघालाच.

"मी तर भात बंदच केलाय बाई."

"आमच्याकडे गहूसुद्धा बंद. फक्त ज्वारी."

"माझी नणंद हिंजवडीला असते. ती म्हणते, नाचणीनं महिन्यात चार किलो उतरतात!"

मीही मान ताठ करून सांगितलं, "माझा भात सुटून दोन महिने झाले." आता मुळशीच्या बाईनं भात सोडणं म्हणजे कोल्हापूरकरानं रस्सा सोडल्यासारखंच. आमचा तालुकाच भाताचा. इथल्या आंबेमोहोराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास सुटतो, म्हणून ते नाव. याच भातखाचरांवर टाटांच्या धरणाचं पाणी येणार म्हणून १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी आणि इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. आणि मी त्याच भाताला घरातून हद्दपार केलं होतं.

कारणही तसंच होतं. दिवाळीनंतर तपासणी केली, तर साखर काठावर आलेली. वजन ६८ किलो. डॉक्टर म्हणाले, "भात कमी करा आणि रोज चाला." मी घरी येईपर्यंत 'भात कमी' याचं 'भात बंद' झालं आणि चालण्याचं तर मी विसरूनच गेले! आपल्याला सोयीचं तेवढंच ऐकायची आपली जुनी सवय.

मग सुरू झाला नाचणीचा जागर. सकाळी गूळ घालून नाचणीचं सत्त्व. दुपारी दोन भाकऱ्या. चार वाजता चहाबरोबर नाचणीची बिस्किटं. रात्री परत दोन भाकऱ्या. मध्ये भूक लागली तर तुपातला नाचणीचा लाडू. नाचणीच ती, कितीही खाल्ली तरी चालते, अशी माझी ठाम समजूत. होळीला काट्यावर उभी राहिले तर वजन ७०! आधी वाटलं, काटाच बिघडला. मग दुसऱ्या काट्यावर जाऊन आले. तोही बिघडलेला निघाला!

घरी येऊन नाचणीच्या नावानं खडे फोडत होते. सासूबाई ओसरीत वाल सोलत बसल्या होत्या. ऐंशी पार केलेल्या, अंगानं काडी. त्या म्हणाल्या, "अगं, धान्याला कशाला नावं ठेवतीस? आमी भाकरी खायाचो ती शेतात जिरायाची. तुजी भाकरी तुज्यासंगं सोफ्यावर बसलीया!"

राग आला, खोटं कशाला बोलू? पण रात्री झोप येईना. म्हटलं, म्हातारीचं खरं-खोटं करूनच पाहू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले आहेत. त्यात पाहिलं तर डोळेच उघडले. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात साधारण ३५५ कॅलरी. नाचणीत ३२०. ज्वारीत ३३५. बाजरीत ३४८. गव्हाच्या पिठात ३२०. म्हणजे सगळी भावंडं एकाच उंचीची! नाचणीत प्रथिनं भरपूर असतात असं मी ज्याला-त्याला सांगत होते. तर ती तांदळाएवढीच, शंभर ग्रॅमला सात-आठ ग्रॅम.

मग नाचणीचं कौतुक फुकटचं का? तसंही नाही. तिच्यात कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर आहे. पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. चोथा तांदळात तीन ग्रॅमच्या आत, नाचणीत अकरा ग्रॅम. चोथ्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि साखर रक्तात सावकाश उतरते. पण हे झालं भाकरीचं. तीच नाचणी मैद्यासारखी दळून, गाळून, पातळ सत्त्व करून वर गूळ घातला, की तिचा तो गुण बराचसा गेला. आणि बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली, तर त्या पुड्यात पहिला मान मैद्याचा, मग साखर, मग पामतेल. नाचणी आपली पंगतीत शेवटी बसलेली!

हे काही माझ्या एकटीचं खूळ नाही बरं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरातल्या मोठ्या पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात आले. आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के नुसत्या पिष्टमय पदार्थांतून, म्हणजे धान्य आणि साखर यांतून येतात. आणि मुख्य गोष्ट अशी, की पांढऱ्या भाताच्या जागी गव्हाचं किंवा नाचणी-ज्वारीसारख्या भरडधान्याचं पीठ आणलं, पण पिष्टाचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टातला थोडासा वाटा कमी करून त्या जागी डाळी-कडधान्यं किंवा दूधदुभतं आलं, तेव्हा धोका कमी दिसला. सासूबाईंनी वाल सोलता सोलता अर्धं सांगितलं होतं, उरलेलं अर्धं त्यांच्या हातातच होतं!

म्हणजे मी धान्य बदललं होतं, ताट बदललंच नव्हतं.

मग मी त्यांना विचारलं, "आत्या, तुम्ही तेव्हा खायचात तरी काय?" नाचणी, वरई डोंगरउतारावर. भात खाचरात, तोही घरी उखळात कांडलेला, कोंड्याचा तांबूस पापुद्रा राहिलेला. हे मला ठाऊक होतं. पण त्या पुढे सांगत गेल्या. भात निघाला की त्याच ओलीवर हरभरा, वाल, मसूर. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी, अळू. पहिल्या पावसात ओढ्याचे मासे, खेकडे. दारात म्हैस, म्हणजे ताक. आपण त्या ताटातली नाचणी तेवढी उचलली आणि बाकीचं ताट तिथंच सोडून आलो.

त्या काळाचे गोडवेही मला गायचे नाहीत. सासूबाईच म्हणतात, "नाचणी आमी हौसेनं नव्हतो खात. भात सणाला, नाहीतर विकायला." आंबिलीवर दिवस काढायचे, लावणीला दिवसभर चिखलात वाकून राहायचं, बाळंतपणं घरात, त्यात दोन मुलं गेलेली. त्या काडीसारख्या राहिल्या, त्यात कष्ट होते तशी उपासमारही होती. आज उतारावर फार्महाऊसचे प्लॉट पडलेत, खाचरातलं बरंच काम यंत्रावर गेलंय, दळण कोपऱ्यावरच्या गिरणीत आणि पाणी नळाला. कष्ट कमी झाले, चांगलंच झालं! पण ताटातला भाताचा डोंगर मात्र लावणी करणाऱ्या बाईच्या मापाचाच राहिला.

आणि डोंगर नुसता जाड बाईलाच बाधतो असं समजू नका. २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना 'लॅन्सेट'मध्ये छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१! आपली शरीरयष्टी अशी फसवी. हातपाय बारीक, चरबी पोटावर. म्हणून काट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हायचं.

आता खरं सांगते, हे सगळं मी का लिहितेय. आषाढात सूनबाईंनी गोड बातमी दिली. चौथा महिना होता. ती कंपनीत नोकरीला, सकाळी साडेसातला बस. तपासणीत हिमोग्लोबिन निघालं ९. मी लगेच नाचणीचे लाडू वळायला घेतले. तेवढ्यात तिचा डबा धुताना लक्षात आलं, रोजचा तिचा डबा म्हणजे भात आणि बटाट्याची भाजी, नाहीतर चपाती आणि लोणचं. घरात अंडी येत होती, ती मुलाच्या ताटात जात होती. दूध नातवाला आणि चहाला. उसळ पुरुषांना वाढून उरली तर आम्हाला. आणि हे वाढत कोण होतं? मी! माझ्या सासूनं मला वाढलं तसंच मी तिला वाढत होते. पोरीनं कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. आईनं एकूण कॅलरी किती खाल्ल्या याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध लागला नाही. ज्या आयांच्या खाण्यात दूध, हिरव्या पालेभाज्या, फळं जास्त वेळा होती, त्यांची बाळं मोठी होती. नुसतं पोट भरलं म्हणजे पोषण झालं असं नाही, हे आपल्याच जिल्ह्यातल्या, आपल्यासारख्याच बायकांनी दाखवून दिलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं आणि २४ टक्के बायका जाड निघाल्या. या दोन वेगळ्या बायका आहेत असं आपल्याला वाटतं. पण कित्येकदा ती एकच बाई असते. भातानं भरलेली आणि आतून रिकामी.

मग आम्ही घरात एक वाटी ठरवली. साधी, आमटीची स्टीलची. भात एक वाटी, तोही आंबेमोहोराचा, कमी सडलेला. भाकरी घेतली तर एकच. उसळ किंवा घट्ट वरण एक वाटी. पालेभाजी एक वाटी. दही एक वाटी. अंडं सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही! २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पोषण संस्थाही तेच सांगते, की धान्यातून निम्म्याहून कमीच, ४५ टक्क्यांपर्यंत कॅलरी याव्यात. आणि सगळ्यांत अवघड नियम म्हणजे पातेलं पुसून खायचं नाही. उरलेला भात 'वाया जातो' म्हणून आपण पोटात ढकलतो. अगं, आपलं पोट म्हणजे काय उकिरडा आहे? उरलं तर सकाळी फोडणीचा भात करा, आणि उद्यापासून कमी शिजवा.

आमचे हे पहिले आठ दिवस कुरकुरले, "भात एवढासाच?" म्हटलं, "हवा तर पुन्हा घ्या, पण आधी उसळ संपवा." दुसऱ्यांदा मागायची वेळ फारशी आली नाही.

संध्याकाळी आता मी आणि शेजारीण पाऊण तास चालून येतो. सहा महिन्यांत माझं वजन तीन किलो उतरलं, कंबर दोन इंच. महिन्यात चार किलो नव्हे! साखर अजून काठावरच आहे, पण काठाच्या अलीकडे. सूनबाईंनी लोहाच्या गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या, मार्गशीर्षात नात झाली, दोघी सुखरूप आहेत. त्याचं सगळं श्रेय मी वाटीला देणार नाही. गोळी गोळीच्या जागी आणि ताट ताटाच्या जागी. कुणाला मधुमेहाची औषधं चालू असतील, तर त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ताट बदलावं.

तेव्हा मैत्रिणींनो, भाताला शाप देऊ नका आणि नाचणीला देव्हाऱ्यात बसवू नका. नाचणी जरूर खा, भाकरी करून खा. जमलं तर आपल्याच डोंगराकडच्या शेतकऱ्याकडून घ्या. पण आधी आपलं ताट एकदा नीट बघा. त्यात डाळ किती, भाजी किती आणि ते वाढलं जातं कितव्या पंगतीला.

यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकू आमच्याकडे होतं. वाण काय दिलं असेल? स्टीलची वाटी! एकजण म्हणाली, "अगोबाई, एकच? जोडी तरी द्यायचीस!"

म्हटलं, "बाई, एकच पुरे. तेच तर सांगायचंय."