डॉजच्या बॉनेटखालचा पर्किन्स

जुन्या अमेरिकन ट्रकांचे जतन करणाऱ्यांत एक सोवळेपणा रूढ आहे: इंजिन मूळ अमेरिकन पेट्रोलचेच हवे. अमेरिकेत या हट्टाला अर्थ आहे. मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर राबलेल्या ट्रकांना मात्र तो लावू नये.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. (नावे तीन, फरक मुख्यतः बिल्ल्याचा.)

अमेरिकेत डॉज 'कामाप्रमाणे ट्रक' या तत्त्वावर विकला जाई. सहा सिलिंडरांची पेट्रोल इंजिने लहानमोठ्या आकारांत मिळत आणि ग्राहक ओझे पाहून निवड करी. झडपा सिलिंडरच्या बाजूला, दाब कमी, दुरुस्ती सोपी आणि भूक मोठी. पेट्रोल स्वस्त असलेल्या देशात ती भूक कोणाला सलत नसे.

येथे ती सलली. डिझेल पेट्रोलहून बरेच स्वस्त होते. त्यामुळे ट्रकमालकापुढे आकारांचा नव्हे, इंधनाचा प्रश्न उभा राहिला. त्यात १९५३ च्या टॅरिफ कमिशनने केवळ सुटे भाग जोडणाऱ्यांना थारा नाकारला. शिवडीला शेवरले जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. त्याच वर्षी टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात डिझेल ट्रकची वाट धरली.

प्रीमियरच्या ट्रकांत मग ब्रिटिश वळणाचे पर्किन्स पी-६ आले; ते मद्रासला सिम्पसन बनवीत असे. क्षमता सुमारे ४.७ लिटर, शक्ती ८३ अश्वशक्ती. कार्ब्युरेटर आणि स्पार्क प्लग गेले, इंजेक्शन पंप आला. डिझेल इंजिन वजनाने जड आणि फेऱ्यांना संथ. पण आग्रा रोडने कसारा घाट चढणाऱ्या भरल्या गाडीला वेगापेक्षा ओढ हवी असते, आणि मालकाला हिशेब.

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पहिली वसाहत ठाण्यात वसवली, तीच वागळे इस्टेट. सुटे भाग देशातच घडावेत या आग्रहातून लेथवर चालणाऱ्या असंख्य छोट्या कारखान्यांना काम मिळाले. ट्रकचा इतिहास सांगताना कुर्ला आणि जमशेदपूर आठवतात, वागळे इस्टेटच्या गल्ल्या आठवत नाहीत. ही उणीव लहान नाही.

म्हणूनच पर्किन्स काढून भंगारात घालणे आणि त्याजागी परदेशातून आणलेले पेट्रोल इंजिन बसवून ट्रकला 'अस्सल' ठरवणे हा जीर्णोद्धार नव्हे. ट्रक चकचकीत होतो. तो कुर्ल्यात का बदलला, याचा एकमेव लोखंडी पुरावा मात्र किलोच्या भावाने जातो. अमेरिकन रूपाचे नमुने अमेरिकेतील संग्रहालयांत पुष्कळ आहेत. मद्रासचे इंजिन पोटात घेऊन कसारा चढलेला डॉज जतन करायचा, तर तो इथेच करावा लागेल, पर्किन्ससकट.