मुसीचा फोटो काढायचा तर कशाचा?

दरवर्षी छठपूजेच्या सुमारास दिल्लीहून तीच छायाचित्रं येतात. कालिंदी कुंजजवळ यमुनेत कमरेइतक्या पाण्यात उभ्या स्त्रिया, हातात सूप आणि भोवती बर्फासारखा पांढरा फेस. आपल्या व्हॉट्सॲप गटांवरही ती फिरतात. त्यांचा परिणाम झाला नाही असं नाही. २०२१ साली फेस पांगवायला पाण्याचे फवारे मारले गेले, बांबूचे अडसर लावले गेले. पुढच्या वर्षांत फेस विरवणारं रसायनही फवारलं. पण डिटर्जंट आणि प्रक्रिया न झालेलं सांडपाणी ओखला बंधाऱ्यावरून घुसळत खाली पडतं म्हणून फेस होतो, आणि ते सांडपाणी येतच राहिलं. फोटोत जेवढं दिसत होतं तेवढंच पुसलं गेलं.

हा विषय आज घेण्याचं कारण आपली मुसी. तिच्या पुनरुज्जीवनाची योजना आणि २०२४ मध्ये नदीपात्रातल्या घरांवर झालेल्या खुणा यांवरून हैदराबादेत बरीच वादावादी झाली. आपल्या घरांतही दोन्ही मतांची माणसं आहेत. कुणाला काठ देखणे हवेत, कुणाला उठवल्या जाणाऱ्या कुटुंबांची काळजी वाटते. दोघांच्याही हातात फोटो असतात: एकाकडे उद्याच्या काठाची रंगीत संकल्पचित्रं, दुसऱ्याकडे पाडलेल्या भिंती. पाण्यात काय आहे, हे दोन्हींत दिसत नाही.

मुळात ते डोळ्यांना दिसणारं नाहीच. २००७ साली स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी पाटणचेरूच्या औषध कारखान्यांचं सांडपाणी तपासलं. प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. काही जीवाणूंना मारायला जितकं लागतं, त्याच्या हजारपटीहून जास्त. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जीवाणू तगतात, ही खरी भीती. त्या भागातले ओढे मांजरा नदीला मिळतात. तीच मांजरा, जी बीड जिल्ह्यात उगम पावून लातूर, बिदर करत इकडे येते आणि जिचं पाणी हैदराबाद वर्षानुवर्षं प्यायलं. या पाण्याचा फोटो काढला तर एखादा साधा ओढाच दिसेल.

मग छायाचित्रकाराने करायचं काय? जपानमधल्या मिनामाता गावी हाच प्रश्न होता. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा समुद्रात जात होता, तिथून माशांत, माशांतून माणसांत. रोगाची अधिकृत नोंद १९५६ची. खाडीचं पाणी मात्र निळंशार. १९७१मध्ये यूजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन तिथे जाऊन राहिले, सुमारे तीन वर्षं. त्यांनी माणसं टिपली. पोटात असतानाच विषबाधा झालेल्या मुलीला आंघोळ घालणाऱ्या आईचं छायाचित्र जगभर गेलं. पुढे त्या कुटुंबाच्या इच्छेला मान देऊन ते नव्याने छापणं थांबवण्यात आलं. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. ज्यांचं दुःख आपण दाखवतो, त्यांचाही शब्द असायला हवा.

उलट टोकाला कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की. सडबरीजवळच्या निकेल खाणीच्या गाळातून वाहणारा केशरी ओहोळ त्यांनी १९९६ साली टिपला. काळ्या जमिनीवरून जणू लाव्हाच वाहतो आहे. रंग खरा आहे, गाळातल्या लोखंडाला हवा लागून आलेला. चित्र इतकं सुंदर की दिवाणखान्यात लावावंसं वाटतं, आणि आमचा अडखळा नेमका तिथेच आहे. बघणारा थांबतो हे खरं, पण त्या ओहोळाच्या काठी कोण राहतं हे त्याला विचारावंसं वाटत नाही.

आम्हाला जवळचे वाटतात ते दिल्लीचे रवी अग्रवाल. पर्यावरणाच्या चळवळीतला हा माणूस यमुनेकडे वर्षानुवर्षं परत जात राहिला. २००७च्या सुमाराच्या एका कामात त्यांनी नदीकाठची झेंडूची शेतं, ती फुलं पिकवणारे शेतकरी आणि फुलांचा बाजार टिपला. मेलेली म्हणून जी नदी सांगितली जाते, तिच्यावर कोणाची चूल पेटते हे त्यात कळतं. फेसाच्या फोटोतून एवढं कधीच कळलं नसतं.

मुसीचंही तसंच आहे. शहराच्या खालच्या अंगाला सांडपाण्यावर भात होतो, जनावरांसाठी पॅरा गवत होतं. ते गवत म्हशी खातात, त्यांचं दूध शहरात येतं. अनंतगिरीच्या डोंगरात निघणारी ही नदी पुढे वाडापल्लीला कृष्णेला मिळते. या सगळ्या वाटेवर माणसं आहेत.

गणेशोत्सवात आपल्याकडे छायाचित्रांचं प्रदर्शन लावायचं ठरलं, तर यंदा विषय मुसी ठेवावा असं आम्ही सुचवतो. अट एवढीच: प्रत्येक फोटोखाली ठिकाण, तारीख आणि ते पाणी पुढे कोण वापरतं हे लिहायचं. माणसाचा फोटो असेल तर आधी त्याला विचारून काढायचा आणि एक प्रत त्याला नेऊन द्यायची. हुसेनसागरच्या विसर्जनानंतरच्या मूर्तींचे फोटो कृपया नकोत, ते दरवर्षी येतात. गवत कापणाऱ्या बाईचा, पहाटे दुधाच्या किटल्या बांधणाऱ्याचा फोटो आणलात तर आधी तो लावू.